उचलून पाहिल्याशिवाय

आमच्या इंग्रजीच्या सरांच्या मते जगातील वस्तूंचे दोनच वर्ग होते: त्यांनी उचलून पाहिलेल्या आणि अद्याप न उचललेल्या. दुसऱ्या वर्गाविषयी ते मत देत नसत. पहिल्या वर्गाविषयी मात्र ते इतक्या तपशिलात बोलत, की महाडच्या बाजारपेठेत सर येताना दिसले म्हणजे दुकानदार बाहेर मांडलेला माल हळूच आत ओढत.

याचे मूळ एका विशेषणात होते. धड्यात 'अनवील्डी' हा शब्द आला होता आणि खाली त्याचा अर्थ 'बोजड' असा छापला होता. सरांनी तो आम्हा सर्वांना खोडायला लावला. मग एका मुलाला उभे करून त्यांनी या शब्दाचे वाक्य विचारले. त्याने सांगितले, हत्ती अनवील्डी असतो.

"हत्तीला विचारलंस?" सर म्हणाले. "तो स्वतःला नीट वाहून नेतो. तू हत्ती उचलायला गेला होतास का? नाही. मग तुला हे विशेषण वापरायचा अधिकार नाही. खाली बस."

पुढचा संपूर्ण तास त्यांनी या अधिकाराच्या विवरणात घालवला. जाते जड असते, पण ते कोठे धरावे याविषयी कोणाचे दुमत होत नाही; म्हणून ते केवळ जड. गादी हलकी असते, पण ती जिन्यावरून वर न्या, मग कळेल, ती अनवील्डी. फणस काटेरी आणि वजनदार असला तरी त्याला देठ आहे, म्हणून तो या आरोपातून सुटतो. उघडी छत्री दारातून नेताना अनवील्डी होते, मिटली की निर्दोष ठरते. जिवंत कोंबडा अनवील्डी नव्हे, तो नाखूश असतो. आणि 'क्लम्सी', म्हणजे वेंधळा, या शब्दाशी तर या शब्दाची गल्लत मुळीच करू नये. क्लम्सी हा माणूस, अनवील्डी ही वस्तू. मडके फुटले की दोघांवर खटला उभा राहतो, आणि निकाल कोणाच्या विरुद्ध गेला हे विशेषण सांगते.

हा शेवटचा सिद्धान्त त्यांच्या घरी फारसा मान्य नव्हता. मी मामांकडे राहून शिकत होते आणि मामांचे घर शाळेला लागून होते. सरांचे घर त्याच रस्त्याने वर, चढावर. त्यामुळे माझे त्यांच्याकडे जाणेयेणे असे. एकदा त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, माझ्यादेखत त्यांना विचारले, "तुमच्या हातून बरणी पडली तर बरणी अनवील्डी. माझ्या हातून पडली तर मी क्लम्सी. हा कुठला कायदा?"

"बरणी बदलली होती," सर म्हणाले.

"बरणी तीच होती. लोणचंही तेच होतं."

सरांनी यावर विचार करण्यासाठी मुदत मागितली. ती मुदत बहुधा अजूनही चालू असावी.

व्याख्या करणे निराळे आणि पडताळणी करणे निराळे. सरांचे वेगळेपण हे, की त्यांना पडताळणीचे खरोखरचे वेड होते. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईचे चाकरमानी पोलादपूरकडच्या वाड्यांवर परत येत, तेव्हा सर शाळा सुटल्यावर एस.टी. स्टँडवर जाऊन उभे राहत. बसच्या टपावरून ट्रंका, शिवणयंत्रे, पत्र्याच्या कोठ्या खाली उतरत आणि सर अगदी नम्रपणे विचारत, "भाऊ, जरा एक बाजू धरू का?" बहुतेक लोक त्यांना हमाल समजत, काही जण चोर. एका वर्षी एका गृहस्थाने लोखंडी पलंग आणला होता. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. गृहस्थ म्हणाला, "धरा की मास्तर. पन मंग वाडीपर्यंत धरा."

सरांनी धरला. पोलादपूरच्या बसमध्ये चढले, तेथून डोंगर चढले, आणि वाडीवर पोहोचल्यावर पलंग अंगणात ठेवून त्याच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. त्या घरच्या म्हातारीने सुनेला विचारल्याचे नंतर ऐकिवात आले, "काय गो, ह्यो मास्तर येडा हाय, का पलंग त्येचा हाय?" दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले ते गुडघ्याला पट्टी बांधून. त्यांनी फळ्यावर निकाल लिहिला: पलंग सपाटीवर हेवी, चढावर कंबरसम म्हणजे त्रासदायक, वळणावर अनवील्डी. एकाच वस्तूला जागेनुसार तीन विशेषणे. मला तोपर्यंत हे सारे विनोदी वाटत होते. त्या दिवशी मात्र मी उभी राहिले.

"सर, मग हा गुण वस्तूचा नाही. वस्तू, ती वाहणारा आणि वाट, या तिघांमधल्या संबंधाचा आहे."

सरांनी खडू खाली ठेवला. "हे तू शास्त्राच्या तासाला सांगायला हवंस," ते म्हणाले.

"तो तास आपल्याकडे नाही, सर."

हे माझे दुखणे होते. वरच्या वर्गांना शास्त्र शिकवण्याची मान्यता आमच्या शाळेला नव्हती. मला पुढे शास्त्रच शिकायचे होते. दुसरे काही मला सुचतच नव्हते. पण माझे वडील पोलादपूरजवळ भातशेती करत आणि त्यांनी मला स्पष्ट सांगितले होते, "महाडात शिकवतील तेवढं शीक. पुन्यामुंबैला पोरीला एकटी ठेवायची माजी छाती नाय." म्हणजे महाडात शास्त्र आले तर मी शास्त्र शिकणार होते, न आले तर भात लावणार होते.

पुढच्या जूनमध्ये शाळेने, मान्यता मिळेल या भरवशावर, शास्त्राचा वर्ग सुरू केला. वडिलांनी अट घातली, की प्रयोगाच्या तासाला वर्गात कोणी तरी पोक्त बाई बसली पाहिजे, कारण मुलगी मी एकटीच होते. हे काम काकूंनी पत्करले. त्या तांदळाचे सूप घेऊन येत आणि आम्ही आम्ल व अल्क यांचा विचार करत असता मागच्या बाकावर खडे निवडत बसत. इन्स्पेक्टर दिवाळीनंतर येणार होते. तोपर्यंत दाखवण्याजोगे साहित्य जमवायचे होते, आणि त्या साहित्यातील सर्वांत भारदस्त वस्तू म्हणजे मुंबईच्या एका डॉक्टरांनी शाळेला भेट दिलेला मानवी सांगाडा. तो खऱ्या हाडांचा की प्लास्टरचा, यावर शाळेत दोन पक्ष होते. शिपाई धोंडू पहिल्या पक्षाचा होता आणि त्या खोलीत झाडू मारताना सांगाड्याकडे पाठ करून चाले.

श्रावणात सावित्रीला पूर आला. महाबळेश्वरावर पाऊस कोसळला आणि खाडीला भरती असली, की नदी बाजारपेठेत येते. याचे महाडात कोणाला नवल नसते. लोक सामान माळ्यावर चढवतात, गुरे वरच्या अंगाला नेतात आणि पाणी उतरेपर्यंत सज्जात बसून समोरच्यांशी गप्पा मारतात. सामान चढवण्याचा रिवाज ठरलेला आहे: जड ते आधी, कारण तेव्हा माणसे ताजी असतात. शाळा बाजारपेठेच्या खालच्या टोकाला, भाड्याच्या इमारतीत होती. दुपारी पाणी पायरीला लागले तसे मुलांना घरी सोडून हेडमास्तरांनी आज्ञा केली, की प्रथम लोखंडी कपाट वर न्यावे. मी मामांच्या घरचे सामान चढवून मदतीला आले तेव्हा वाद सुरू झाला होता.

"कपाट जड आहे," सर म्हणत होते. "जड वस्तू पाण्याला भीत नाही. ती जागेवर बसून राहते. हलक्या वस्तू आपण शेवटच्या क्षणीही नेऊ. धोका आहे तो अनवील्डी वस्तूंना. त्या आधी उचला."

"मास्तर, ही शब्दांची वेळ नव्हे," हेडमास्तर म्हणाले.

"शब्द चुकला म्हणून क्रम चुकतो आहे."

हेडमास्तरांनी कपाटाला हात घातला. ते वरून ओढत होते, दोन शिक्षक खालून ढकलत होते. जिना अर्धा चढून झाल्यावर कपाट वळणात बसले. ते वर जाईना, खाली येईना. खालचे दोघे शिक्षक काय अडले हे पाहण्यासाठी कठड्यावरून पलीकडे चढून गेले आणि त्यामुळे कठडा मोडला. आता वर हेडमास्तर व दोन शिक्षक, मध्ये कपाट, खाली आम्ही तिघे: सर, धोंडू आणि मी. माळ्यावर जाण्याचा दुसरा मार्ग नव्हता. पाणी उंबरा ओलांडून आत येत होते.

सर कपाटाकडे निरखून पाहत म्हणाले, "आता मात्र ते अनवील्डी आहे. मघाशी नव्हतं."

"मास्तर," वरून हेडमास्तरांचा आवाज आला, "तो सांगाडा तेवढा वाचवा."

सांगाडा तारेने जोडलेला होता आणि छताच्या आकड्याला टांगलेला होता. वजनाने तो काहीच नव्हता. पण सरांनी त्याला काढून खांद्यावर घेतले मात्र, त्याचे हात दाराच्या चौकटीत अडकले, पाय फळ्याच्या तिवईत गुंतले आणि जबडा सरांच्या कानाशी वाजू लागला. सर उलटे वळले तसे तो सगळा सुलटा वळला. त्यांनी धोंडूला पाय धरायला सांगितले.

"मी मेलेल्या मानसाला हात लावनार नाय, मास्तर. लावला तर आंघूळ करावी लागंल."

"आंघोळीला पाणी कमी पडेल असं वाटतं का तुला?" सर म्हणाले. पाणी तेव्हा धोंडूच्या गुडघ्याला लागले होते.

मी परिस्थितीचा विचार केला. अडचण वजनाची नव्हती. सुटे सांधे आपापल्या दिशेने झुलत होते, ही होती. सांधे बांधले तर वस्तू एक होईल. दोर वरती माळ्यावर होता. मी सरांना म्हटले, "तुमचा कोट द्या." आम्ही सांगाड्याचे हात कोटाच्या बाह्यांत घातले, बटणे लावली आणि बाह्यांची टोके पुढे गाठ मारून बांधली. पाय दुमडून धोंडूच्या पंच्याने आवळले. धोंडूने पंचा दुरूनच फेकला.

"बघ, त्याला धरायला जागा आली," सर हर्षभराने म्हणाले. "म्हणजे आता तो अनवील्डी राहिला—"

"सर, आधी बाहेर काढू."

दारातून बाहेर पडता पडता सर थांबले आणि त्यांनी डोक्यावरची काळी टोपी काढून सांगाड्याला घातली. मी कारण विचारले. "कोट घातलेला मनुष्य उघड्या डोक्याने बाजारातून जात नाही," ते म्हणाले.

रस्त्यातून एक होडी पलीकडच्या दुकानातल्या बाईला आणि तिच्या शेळीला घेऊन वर चालली होती. होडीवाल्याने आम्हाला घेतले. शेळीच्या शेजारी सर, सरांच्या मांडीवर कोटटोपीतला पाहुणा, पुढे मी, आणि धोंडू मागून होडीची कड धरून पाण्यातून. सज्जांमधून सगळी बाजारपेठ पाहत होती.

"मास्तर, पाव्हनं कुठलं?"

"लईच वाळलेत हो. मुंबैच्या खानावळीत व्हते काय?"

"मास्तर, पगार वाढवून घ्या, इंग्रजीच्या मास्तराची ही दशा बघवत नाय."

 सर सांगाड्याला दोन्ही हातांनी असे धरून बसले होते, की तो त्यांचा लेक असावा आणि त्याला परीक्षेला न्यायचे असावे. मला हसू येत नव्हते. सांगाडा पाण्यात गेला तर दिवाळीनंतर इन्स्पेक्टरांना दाखवायला तराजू आणि काही बरण्या यापलीकडे काही उरणार नाही, हे गणित मी होडीत बसून पुन्हा पुन्हा करत होते.

काकूंनी दार उघडले. त्यांनी प्रथम सरांकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग टोपीकडे.

"जेवायला आहेत का हे?" त्यांनी विचारले.

"राहायला आहेत," सर म्हणाले.

पाणी उतरून शाळेतला चिखल निघेपर्यंत सांगाडा काकूंच्या माडीवर होता. त्या म्हणत, की घरात तो सरांपेक्षा कमी जागा व्यापतो आणि शब्दावरून भांडत नाही. वर अडकलेल्या तिघांना पाणी उतरल्यावर शिडी लावून उतरवले; लोखंडी कपाट मात्र जिन्यात तसेच राहिले. गवंड्याने भिंतीचा कोपरा फोडल्यावर ते निघाले, आणि तोपर्यंत हेडमास्तरांनी आमच्या सरांशी बोलणे सोडले होते.

दिवाळीनंतर इन्स्पेक्टर आले. गृहस्थ नेटके होते आणि चष्मा पुसत बोलत. त्यांनी तराजू पाहिला, बरण्या पाहिल्या, सांगाड्याच्या बरगड्या मोजल्या आणि समाधान व्यक्त केले. हेडमास्तरांचा चेहरा खुलला. मग साहेबांची नजर दाराजवळच्या स्वतंत्र बाकावर, त्यावर बसलेल्या माझ्यावर आणि मागे सूप मांडीवर घेऊन बसलेल्या काकूंवर गेली.

"हे काय आहे?"

हेडमास्तरांनी वडिलांची अट सांगितली. साहेबांनी मान हलवली. एका मुलीसाठी निराळा बाक, निराळी मांडणी, वर या बाईंची हजेरी. त्यांनी इंग्रजीत शेरा उच्चारला, की ही व्यवस्था अनवील्डी आहे. आणि मराठीत पुढे म्हणाले, "वर्गाला मान्यता देऊ. मुलांपुरती. मुलीला दुसरा एखादा विषय द्या, शिवण वगैरे."

 सर्वांनी मिळून पाहिले ते माझ्याकडे नव्हे, तर सरांकडे. कारण तो शब्द उच्चारला गेला होता. सर खिडकीपाशी उभे होते. हेडमास्तरांनी महिनोन्‌महिन्यांत प्रथमच त्यांच्याकडे पाहिले आणि डोळ्यांनी विनवले, की गप्प राहा.

"साहेब," सर म्हणाले, "आपण ही व्यवस्था उचलून पाहिली आहे का?"

"काय?"

"आपण वापरलेलं विशेषण न उचललेल्या गोष्टीला लावता येत नाही. गोष्ट डोळ्यांना दिसणारी नसली तर अधिकच जपायला हवं. आम्ही ही व्यवस्था जूनपासून वाहतो आहोत. ती कुठेही अडकलेली नाही. ही मुलगी वेळेवर येते. बाक मी एकटा हलवतो. त्या जिन्यात एक कपाट अडकलं होतं, ते अनवील्डी होतं. तिथली फुटलेली भिंत आपण पाहू शकता. इथे भिंत फुटलेली नाही."

"आणि या बाई?" साहेबांचा आवाज चढला होता. "यांना हा त्रास नाही?"

"त्यांनाच विचारा."

काकूंनी सूप खाली ठेवले. "मला कसला त्रास? घरी बसून निवडते ते इथं बसून निवडते. उलट इथं उजेड बरा आहे."

साहेबांनी चष्मा पुसला. मग त्यांनी पेन पुढे करून उपरोधाने विचारले, "मग मास्तर, मी कोणता शब्द लिहू? आपणच सांगा."

उपरोध सरांना कधीच कळत नसे. त्यांना तो प्रश्न वाटला, आणि प्रश्न त्यांच्या आवडीचा होता. ते विचारात पडले. हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. मी माझ्या बाकाची कड इतक्या जोराने धरली होती, की तळव्यावर वळ उठले. सरांनी एक शब्द मनात घेतला, ओठ हलवून तो तोलला, टाकला, दुसरा घेतला.

"'अनयूज्वल' लिहा," ते अखेर म्हणाले. "ते खरं आहे. आणि त्यात नाकारण्यासारखं काही नाही."

साहेबांनी पेन मागे घेतले. मग त्यांनी लिहिले. लिहिताना ते स्वतःशीच किंचित हसले असे मला वाटले, पण ते प्रमाण म्हणून मी देत नाही. मान्यतेचा कागद महिन्याभराने आला आणि त्यात मुलगे-मुली असा भेद नव्हता. वडील बाजाराला आले होते तेव्हा त्यांना सांगितले. ते म्हणाले, "मंग शीक बाय," आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

मी सरांचे आभार मानायला गेले तेव्हा ते जेवायला बसत होते. काकूंनी मलाही पान घेतले. माझे वाक्य मी घरून जुळवून आणले होते. ते अर्ध्यावर असतानाच सरांनी हात वर केला.

"माझे आभार मानू नकोस. मी तुझ्यासाठी बोललो नाही. शब्द चुकीचा होता."

मला हे मनातून लागले, पण नाकारता आले नाही. सरांना मी ओळखत होते; ते खोटा विनय करत नसत.

काकू मात्र वाढता वाढता थांबल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "आणि साहेबांचा शब्द बरोबर असता तर? पोरीला शिवणाला बसवली असतीत?"

सरांचा घास हातातच राहिला. असा प्रश्न कोणी त्यांना विचारला नसावा. निदान त्यांनी तो स्वतःला विचारला नव्हता, हे उघड दिसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग भिंतीकडे, मग पानाकडे. आमटी निवत होती. काकूंनी पळी भांड्यात टेकवून ठेवली आणि त्या उत्तराची वाट पाहू लागल्या. मीही पाहत होते.

"तर आयुष्यात एकदा चुकीचं इंग्रजी बोललो असतो," सर म्हणाले. आपण काय कबूल केले हे ध्यानात येताच ते कानापर्यंत लाल झाले आणि घाईघाईने पानावरून उठू लागले.

"बसा," काकू म्हणाल्या. "ताक राहिलंय."